प्रयोगशाळेचा उंबरठा

'प्रयोगशाळा' हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या, रसायनांचा उग्र दर्प आणि पांढरा अंगरखा घातलेले शास्त्रज्ञ उभे राहतात. परंतु गेल्या काही दशकांत विद्यापीठांच्या आवारात एक निराळीच प्रयोगशाळा रुजली आहे. तेथे कॅमेरे असतात, ध्वनिमुद्रणाची यंत्रे असतात, संगणक असतात; आणि शब्द, चित्र व ध्वनी यांच्या साहाय्याने माणसाचे म्हणणे माणसापर्यंत कसे पोहोचवावे, याचे प्रयोग तेथे चालतात. तिला माध्यम-प्रयोगशाळा असे म्हणतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८५ मध्ये 'मीडिया लॅब' सुरू झाली आणि हे नाव जगभर पसरले. आपल्या देशातही त्याच सुमारास, १५ ऑगस्ट १९८४ रोजी, विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा शैक्षणिक कार्यक्रम सुरू केला. त्यासाठी पुण्यासह काही विद्यापीठांत माध्यम केंद्रे उभी राहिली. आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांत अशी एखादी खोली, एखादा स्टुडिओ किंवा एखादे नभोवाणी केंद्र आढळते.

ही प्रयोगशाळा तीन वाटांनी समाजाकडे येऊ शकते. पहिली वाट कार्यशाळेची. तेथे लोकांना यंत्र हाताळावयास शिकविले जाते. दुसरी वाट प्रदर्शनाची. जे तयार झाले, ते चार लोकांपुढे मांडले जाते. तिसरी वाट आवाहनाची. 'प्रवेशिका मागविण्यात येत आहेत' असे जाहीर करून कोणाकडूनही छायाचित्रे, ध्वनिफिती, लघुपट वा लेख मागविले जातात. वरवर पाहता हे तिन्ही उपक्रम विद्यापीठाच्या मुख्य कामापेक्षा दुय्यम वाटतात. अभ्यासक्रम पूर्ण झाला, परीक्षा आटोपल्या, निधी शिल्लक राहिला, तर करावयाच्या गोष्टी! माझे मत याच्या नेमके उलट आहे. विद्यापीठाची माध्यम-प्रयोगशाळा सार्वजनिक पैशावर चालत असेल, तर शाळेबाहेर राहिलेल्या माणसासाठी दार उघडणे हे तिचे कर्तव्य होय. ते दार केवळ उघडे असून भागत नाही, त्याचा उंबरठाही प्रत्येकाला ओलांडता येईल इतका खाली असला पाहिजे.

हा विचार केवळ भावनेचा नाही, त्याला कायद्याचाही आधार आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात असे स्पष्ट केले की, ज्या रेडिओ लहरींवरून प्रसारण होते त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत. पुढे २००२ च्या अखेरीस केंद्र शासनाने शिक्षणसंस्थांना स्वतःचे नभोवाणी केंद्र चालविण्याची मुभा देण्याचे धोरण स्वीकारले. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असे पहिले केंद्र सुरू झाले. २००६ मध्ये हे दार स्वयंसेवी संस्थांनाही उघडण्यात आले. त्या वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांतील एक अट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. केंद्रावरील किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत, असे त्यात म्हटले आहे. याचा अर्थ असा की, अशा केंद्राच्या भोवताली राहणारी माणसे केवळ श्रोते नाहीत. निम्म्या वेळेवर त्यांचाही अधिकार आहे. पुण्याच्या विद्यापीठाची 'विद्यावाणी', चंडीगढच्या पंजाब विद्यापीठाचे 'ज्योतिर्गमय', सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे 'माणदेशी तरंग' ही सारी केंद्रे याच धोरणातून उभी राहिली. यांची प्रक्षेपणशक्ती फार मोठी नसते. शंभर वॅटची मर्यादा आणि दहा-पंधरा किलोमीटरचा टापू! पण शेजाऱ्याचे म्हणणे शेजाऱ्यापर्यंत पोहोचविण्यास एवढा टापू पुरेसा असतो.

चंडीगढचे नाव निघाले आहे, तर त्या शहराकडे थोडे बारकाईने पाहू. स्वातंत्र्यानंतर कागदावर आधी रेखाटले गेलेले आणि मग जमिनीवर उतरलेले हे शहर. ल कॉर्ब्युझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराने त्याचा आराखडा केला. रस्ते सरळ, चौक मोकळे, प्रत्येक विभागाला क्रमांक. पंजाब विद्यापीठही याच शहरात नव्याने वसले. १८८२ मध्ये लाहोरला स्थापन झालेले हे विद्यापीठ फाळणीनंतर विस्थापित झाले आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात चंडीगढला स्थिरावले. फाळणीत घरदार सोडून आलेला आणखी एक माणूस याच शहरात रस्त्यांच्या कामावर निरीक्षक म्हणून नोकरी करीत होता. त्याचे नाव नेकचंद.

नवे शहर उभे करण्यासाठी त्या जागेवरील अनेक जुनी गावे पाडण्यात आली होती. त्या गावांच्या अवशेषांतून नेकचंद फुटकी कपबशी, बांगड्यांचे तुकडे, मोडके दिवे, चिनी मातीच्या फरशा असे काहीबाही गोळा करी. शहराच्या उत्तरेला, सुखना तलावाजवळ, राखीव जंगलातील एका घळीत १९५७-५८ च्या सुमारास त्याने आपले काम सुरू केले. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळी हे काम, असे कितीतरी वर्षे चालले. त्याच्याकडे परवानगी नव्हती, कलेची पदवी नव्हती, कोणाची शिफारस नव्हती. १९७० च्या दशकात अधिकाऱ्यांच्या नजरेस हे पडले, तेव्हा नियमाप्रमाणे ते पाडून टाकावयास हवे होते. सुदैवाने तसे घडले नाही. १९७६ मध्ये 'रॉक गार्डन' लोकांसाठी खुले झाले. शासनाने नेकचंदला त्याच कामावर नेमले आणि मदतीला मजूर दिले. १९८४ मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. २०१५ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा त्याचे नाव कॉर्ब्युझिएच्या बरोबरीने त्या शहराशी जोडले गेले होते.

या कथेचे कौतुक आपण नेहमीच करतो, परंतु तिच्यातील बोचरा प्रश्न बाजूला ठेवतो. नेकचंदच्या वेळी एखाद्या संस्थेने कलाकृतींच्या प्रवेशिका मागविल्या असत्या, तर त्याने अर्ज भरला असता काय? भरला असता, तरी तो स्वीकारला गेला असता काय? 'शैक्षणिक अर्हता', 'पूर्वीची प्रदर्शने', 'दोन मान्यवरांची शिफारस' या रकान्यांत त्याने काय लिहिले असते? त्याची निर्मिती टिकली, ती काही समंजस माणसांमुळे आणि सामान्य नागरिकांच्या प्रेमामुळे. म्हणजे योगायोगाने! एक नेकचंद योगायोगाने वाचला. पण असे किती जण उंबरठ्याबाहेरच राहिले असतील, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही. समाजातील गुणांची पारख योगायोगावर सोडणे, हे कोणत्याही शिक्षणसंस्थेला शोभत नाही.

म्हणूनच प्रवेशिकांचे आवाहन हा विषय दिसतो तितका किरकोळ नाही. या आवाहनाची भाषा कोणती, यावरच पुष्कळसे अवलंबून असते. चंडीगढ प्रशासनाची कार्यालयीन भाषा इंग्रजी आहे. तेथील रहिवाशांची मातृभाषा मात्र बहुतांशी हिंदी आणि त्या खालोखाल पंजाबी. अशा ठिकाणी केवळ इंग्रजीतून काढलेले आवाहन सर्वांसाठी असल्याचे सांगते, पण प्रत्यक्षात ते थोड्यांनाच वाचता येते. आपल्याकडेही यापेक्षा वेगळे काय घडते? मराठी मुलखातील महाविद्यालये इंग्रजीत निवेदने काढतात. मग वयाची अट येते, विद्यार्थी असल्याच्या दाखल्याची अट येते, प्रवेशशुल्क येते. अर्ज संगणकावरूनच भरावा लागतो. प्रत्येक अट एकेकटी पाहिली तर वाजवी वाटते. सर्व अटी एकत्र केल्या, की ज्यांच्याकडे सांगण्यासारखे सर्वांत अधिक असते, नेमके तेच वगळले जातात.

आवाहन करणाऱ्यांनी काही साध्या गोष्टी पाळल्या, तर हे चित्र पालटू शकेल. निवेदन परिसरातील लोकांच्या भाषेत असावे आणि ते बाजारात, बसस्थानकावर, रेशनच्या दुकानावर वाचावयास मिळावे. ज्याला लिहिता येत नाही, त्याला तोंडी सांगून प्रवेशिका देता यावी. प्रवेशशुल्क नसावे. साध्या मोबाइलवर केलेले चित्रण केवळ साधे आहे म्हणून नाकारू नये. निवड झाली नाही, तर का झाली नाही हे दोन ओळींत कळवावे. कारण नकाराचे कारण कळले, तर तोही एक धडा ठरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कृतीवरचा हक्क ती करणाऱ्याकडेच राहावा.

दार उघडले म्हणजे काय घडू शकते, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात ज्या शाळा काढल्या, त्यांतील एका शाळेत मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी शिकत होती. वय अवघे चौदा वर्षांच्या आसपास. तिने मांग-महारांच्या दुःखांविषयी एक निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने तो छापला. शाळेने तिला अक्षरे दिली आणि नियतकालिकाने आपली पाने दिली. या दोहोंपैकी एकही गोष्ट नसती, तर तिचे शब्द तिच्या वस्तीबाहेर पोहोचले नसते. कार्यशाळा आणि प्रकाशन यांचे नाते याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

आता कार्यशाळेकडे वळू. कार्यशाळा म्हणजे भाषण नव्हे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा शाळा सुटलेली मुले हीच त्यांची विद्यार्थी होती. जी मुले पुस्तकापुढे मान खाली घालीत, ती वेल्डिंग, सुतारकाम, शेती, विजेची जोडणी प्रत्यक्ष करता करता शिकू लागली. तेथील अभ्यासक्रमाला मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. पुढे २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेच्या सहकार्याने पाबळला 'फॅब लॅब' उभी राहिली. त्या संस्थेबाहेर जगात उभ्या राहिलेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक होय. अत्याधुनिक यंत्रे खेड्यात, तीही शाळा सोडलेल्या मुलांच्या हाती! यंत्रे बिघडतील ही भीती तेथेही असणारच. परंतु यंत्राला हात लावू दिल्यावाचून यंत्र शिकविता येत नाही, हे कलबागांनी जाणले होते.

माध्यमांची कार्यशाळा याच रीतीने चालावयास हवी. उदाहरणार्थ, मुलाखत ध्वनिमुद्रित करावयाची आहे. मायक्रोफोन तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर धरावा, पंखा बंद करावा, रस्त्याकडची खिडकी लावावी. ही झाली यंत्राची शिस्त. बोलणे सुरू होण्यापूर्वी अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीतील शांतताच मुद्रित करून ठेवावी, म्हणजे पुढे जोडकाम करताना ती उपयोगी पडते. ही झाली कारागिरी. परंतु याहून मोठी शिकवण पुढे आहे. समोरचा माणूस थांबला, तर लगेच दुसरा प्रश्न विचारू नये. त्याला शब्द सापडेपर्यंत वाट पाहावी. त्याचे म्हणणे कोठे ऐकविले जाणार, हे त्याला आधी सांगावे आणि त्याने नको म्हटले तर यंत्र बंद करावे. ऐकण्याची ही शिस्त एकदा अंगी बाणली, की ती केवळ नभोवाणीपुरती राहत नाही. घरात, पंचायतीत, कामगारांच्या सभेतही ती उपयोगी पडते.

प्रदर्शनाबाबतही असाच विचार करावयास हवा. वस्तीची छायाचित्रे वातानुकूलित दालनात लावली, पाहुण्यांनी ती पाहून हळहळ व्यक्त केली, चहापान झाले आणि छायाचित्रे गुंडाळून ठेवली गेली. याला प्रदर्शन म्हणता येईल, परंतु संवाद म्हणता येणार नाही. ज्यांचे जीवन त्या छायाचित्रांत आहे, त्यांना ती प्रथम दिसली पाहिजेत. मुंबईत धारावीमध्ये २०१५ मध्ये 'स्नेहा' या स्वयंसेवी संस्थेने भरविलेले प्रदर्शन या दृष्टीने लक्षणीय होते. आरोग्य हा विषय घेऊन रहिवासी आणि कलावंत यांनी कार्यशाळांमधून एकत्र काम केले आणि त्यातून झालेल्या कलाकृती धारावीतच मांडल्या. पाहणाऱ्याला वस्तीत यावे लागले. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे त्यामुळे आपोआप ठरले.

श्रेय कसे द्यावे, याचा धडा मात्र आपल्या जात्यावरच्या ओव्यांनी दिला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पहाटेच्या अंधारात दळताना स्त्रियांनी गायिलेल्या या ओव्या कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या. गिरण्या आल्या, जाती थांबली आणि ओव्याही विरून जाण्याची वेळ आली. अशा वेळी कोणीतरी ऐकावयास गेले, म्हणून त्या उरल्या. या संकलनाचे वैशिष्ट्य असे की, ओवीबरोबर ती गाणारीचे नाव आणि तिचे गावही नोंदले गेले. 'एक अज्ञात स्त्री' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. तसे न करणे, हाच खरा आदर होय. विद्यापीठाच्या प्रदर्शनात प्राध्यापकाचे नाव ठळक अक्षरांत आणि ज्याने आपली कहाणी दिली त्याचे नाव कोठेच नाही, असे असेल, तर तेथे शिक्षण झाले असे मानता येणार नाही.

या साऱ्यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते टाळून चालणार नाही. विद्यापीठाचे काम अध्यापन आणि संशोधन हे आहे, लोकांची करमणूक हे नव्हे, असे काहींचे म्हणणे असते. करमणूक हे काम नाही, हे मान्य. परंतु ज्या समाजाविषयी संशोधन करावयाचे, तो समाज स्वतः प्रश्न विचारू लागला, तर संशोधनाचा दर्जा वाढेल की घटेल? दुसरा आक्षेप दर्जाविषयीच असतो. सर्वांना प्रवेश दिला, तर सुमार कृतींचा ढीग साचेल, अशी भीती व्यक्त होते. ही भीती अगदीच निराधार नाही. मात्र दर्जाची कसोटी निवडीच्या वेळी लावावयाची असते, दाराशी नव्हे. सर्वांकडून मागवावे, कठोरपणे निवडावे आणि जे मागे राहिले त्यांना शिकवावे, हा खरा क्रम आहे.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला मोबाइल आहे, मग प्रयोगशाळेची गरजच काय? या प्रश्नाचे उत्तर रोज आपल्या मोबाइलवर येऊन पडते. कोणाच्या दुःखाचे चित्रण त्याला न विचारता फिरत राहते. जुना प्रसंग आजचा म्हणून सांगितला जातो. एका गावची अफवा दुसऱ्या गावात हिंसेला कारण होते. साधन हाती आले, पण ते वापरण्याची रीत आली नाही, तर अनर्थ ओढवतो. बातमी कोठून आली हे तपासणे, दोन्ही बाजू ऐकणे, चित्र कोणी, केव्हा आणि कोठे घेतले याची खातरजमा करणे, या गोष्टी कोणालाही आपोआप येत नाहीत. त्या शिकाव्या लागतात. ज्याला त्या शिकावयाच्या आहेत आणि ज्याने महाविद्यालयाची पायरी कधी चढलेली नाही, त्याने कोठे जावे? विद्यापीठाने त्याला आत घेतले नाही, तर त्याला शिकविणारे दुसरे कोणीतरी भेटेल आणि ते काय शिकवील याची शाश्वती नाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. कार्यशाळेला पैसे लागतात, माणसे लागतात, वेळ लागतो. ज्याची रोजची मजुरी बुडते, त्याला 'विनामूल्य' कार्यशाळाही महाग पडते, हे आयोजकांनी ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणून ती सुटीच्या दिवशी किंवा सायंकाळी असावी, वस्तीजवळ असावी आणि लहान मुले असलेल्या स्त्रियांना तेथे मुलांसह येता यावे. खर्चाची बाजू खरी आहे. परंतु दिवसाचे कित्येक तास कुलूपबंद राहणारा स्टुडिओ हाही खर्चच आहे, आणि त्याचा जाब मात्र कोणी विचारीत नाही.

विद्यार्थिमित्रहो, हा लेख केवळ विद्यापीठांना उद्देशून नाही. मुक्त शाळेतून शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी जीवनाची शाळा फार लवकर पाहिली आहे. कोणी शेतात राबतो, कोणी गॅरेजमध्ये काम करतो, कोणी चार घरची धुणीभांडी करून रात्री पुस्तक उघडते. आपल्याला जे ठाऊक आहे, ते सांगण्याजोगे आहे काय, अशी शंका आपल्या मनात वारंवार येत असेल. नेकचंदच्या हातातील बांगड्यांचे तुकडेही प्रथमदर्शनी कचराच होते. आपल्या गावातील एखाद्या म्हाताऱ्या कारागिराची आठवण, आपल्या व्यवसायातील खुबी, बंद पडलेल्या गिरणीची हकीकत, आजीची एखादी ओवी, हे सारे कोणीतरी नोंदवावयास हवे. ते आपण नोंदविले नाही, तर दुसरा कोणी येऊन नोंदवील, कदाचित त्याच्या सोयीने आणि त्याच्या भाषेत.

तेव्हा आपल्या जवळच्या विद्यापीठात वा महाविद्यालयात असा एखादा विभाग, नभोवाणी केंद्र वा स्टुडिओ आहे काय, याची चौकशी करावी. असल्यास तेथे जाऊन स्पष्ट विचारावे: येथे आम्हांला काय शिकता येईल? आमच्या भाषेत अर्ज मिळेल काय? आमचे नाव आमच्या कृतीवर राहील काय? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. सार्वजनिक संस्थेला नागरिकाने विचारावयाचे ते अगदी साधे प्रश्न आहेत. पहिल्या भेटीत कदाचित समाधानकारक उत्तर मिळणार नाही, दुसऱ्याही भेटीत मिळणार नाही. परंतु विचारणाऱ्यांची संख्या वाढू लागली, म्हणजे संस्थांनाही आपले उत्तर बदलावे लागते.